धोंडूचा डबा

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे वास.

सोमवारी सकाळी गुरुजींना नेहमीप्रमाणे डबा उघडून दाखवला. पावडर तीच, भुरकट, भरड, मध्येमध्ये तीळ दिसणारी. पण नाकाला लसूण लागला. मी म्हटलं, माझ्याच टिफिनचा असेल. आईने भरीत दिलं होतं आणि आमच्या घरच्या भरितात वांग्यापेक्षा लसूणच जास्त. झाकण लावलं, डबा गुरुजींच्या पिशवीत गेला, गुरुजी गेले.

आमच्या दुकानात किस्से साचतात ते असेच. घडत असतात तेव्हा ते किस्से नसतात, नुसती छातीत धडधड असते. मग कधीतरी चहाच्या वेळी कुणी म्हणतं, "ए, तो मंगळवार सांग ना!" आणि त्याच धडधडीवर लोक पोट धरून हसतात. आता मीही हसते. पण त्या दिवशी एका कुत्र्याचा जीव माझ्या हातून जाणार होता, निदान मला तसंच वाटत होतं. तेवढं लक्षात ठेवून ऐका. आणि मध्येच मला दुसरंच काही आठवलं तर चालवून घ्या.

*

आधी दुकान. बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात साड्यांच्या दोन दुकानांच्या मध्ये चिमटीत धरल्यासारखं आमचं दुकान आहे. मालकीण शैलाताई. शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर कुत्र्या-मांजरांच्या जेवणात मिसळायच्या पावडरी करायला लागल्या. सगळं घरगुती, नैसर्गिक. पोटासाठी कच्च्या केळ्याची आणि भोपळ्याची. केसांसाठी तीळ आणि चिमूटभर हळद. सांध्यांसाठी जवस, तीळ आणि जराशी हळद. अशक्तपणाला शेवग्याचा पाला. गच्चीवर वाळवायचं, खाली दळायचं. मी बीएस्सी झालेली, म्हणून काउंटर माझ्याकडे.

मी जरा दचकरी आहे. मिक्सर सुरू झाला तरी दचकते. म्हणून ताई आता मिक्सर लावायच्या आधी आवाज देतात, "प्राची, लावतेय गं!"

मग मी त्या आवाजाने दचकते.

गुरुजी म्हणजे लोधीपुऱ्यातले, गणित शिकवायचे. अर्धं बऱ्हाणपूर त्यांच्या हाताखालून गेलेलं. काकू गेल्यापासून घरात दोघंच, गुरुजी आणि धोंडू. धोंडू तेरा वर्षांचा, गावठी, एक कान कायमचा खाली पडलेला. त्याच्या आधीची दोन पिल्लं जगली नाहीत, म्हणून काकूंनी मुद्दाम असं नाव ठेवलं, नजर लागू नये म्हणून. आपल्याकडे मुलांची ठेवायचे तसं. आणि तो टिकलाही धोंड्यासारखा! मागचे पाय मात्र वर्षभरापासून लटपटतात. डॉक्टरांचं औषध चालू आहे, जोडीला आमची सांध्यांची पावडर, रोज दोन चमचे.

गुरुजी एकदा म्हणाले होते, "बेटी, घरात माझ्याशी बोलणारा हा एकटाच. आणि तो उलट उत्तर देत नाही, हे गणिताच्या मास्तरचं नशीब!"

हसून म्हणाले. पण मी त्या दिवशी दुपारी जेवले नाही.

*

आता डब्यांचं. प्लास्टिकच्या पाकिटात पावसाळ्यात पावडरीला ओल धरते. म्हणून ताईंनी स्टीलचे डबे आणले. डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने लिहिलेलं : 'पोट', 'केस', 'सांधे', 'ताकद'. संपला की डबा परत आणायचा, भरलेला घेऊन जायचा.

"किती सोपं!" ताई म्हणाल्या.

सोपं कुठलं! आपल्या गावात कुणी कुणाला रिकामा डबा परत देतं का?

पहिल्याच आठवड्यात 'पोट'मधून शेव आली. 'केस'मधून कुरडया. एका 'ताकद'मधून रव्या-तुपाचा गोड दराबा आला, तो आम्ही दोघींनी उभ्याउभ्या संपवला. एक वहिनी बाहेरगावाहून नुकत्याच आलेल्या, घरात काही नव्हतं, तर त्यांनी डब्यात चिमूटभर साखर टाकून आणली.

मी म्हटलं, "वहिनी, हे दुकान आहे हो. रिकामा चालतो."

त्यांनी कानाला हात लावला. "तुमच्याकडे चालत असंल. आमच्या सासूबाई वरून पाहू राहिल्या!"

दुसऱ्या आठवड्यात एका डब्यातून लग्नाची पत्रिका निघाली, अक्षतांसकट. ताईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "प्राची, आपण पावडर विकतोय की शेजार करतोय?"

मग नियम केला. डबा आला की लगेच उघडायचा, आतलं काढायचं, डबा घासायचा, उन्हात ठेवायचा. त्याशिवाय तो भरलेल्या डब्यांच्या फळीवर जाता कामा नये.

नियम चांगलाच होता. त्या शनिवारी संध्याकाळी मला घरी जायची घाई होती, एवढंच.

*

मंगळवारी अकराच्या सुमाराला मागच्या गल्लीतल्या मंगलाकाकू आल्या. त्यांच्या रॉकीलाही सांध्यांचीच पावडर चालते.

"काय गं पोरी, चटणी आवडली का?"

"कुठली चटणी, काकू?"

"अगं माय! शनिवारी डब्यात नाही का दिली? जवसाची. तुझी ताई तिखट खात नाही म्हणून मिरची बिलकुल नाही टाकली. लसूण मात्र सढळ हाताने!"

मी फळीकडे पाहिलं. शनिवारचा तो 'सांधे' लिहिलेला डबा फळीवर नव्हता. कारण सोमवारी सकाळी तो मी माझ्या हाताने गुरुजींना दिला होता. उघडून, दाखवून, वास घेऊन!

भाजलेले जवस, तीळ, रंगाला हळद. आमच्या पावडरीत आणि काकूंच्या चटणीत फरक काय, तर लसूण आणि मीठ. आणि कुत्र्याला कांदा-लसूण देऊ नका, त्यांच्या रक्ताला बाधतो, हे या काउंटरवरून रोज सगळ्यांना कोण सांगतं? मीच!

माझ्या तोंडून किंचाळी निघाली. बाहेरून जाणारा एक सायकलवाला थांबला. काकू एवढ्या घाबरल्या की त्यांनी मला माझ्या खुर्चीवरून उठवलं आणि स्वतःच बसून घेतलं.

जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "एवढी वाईट झाली होती का गं?"

*

शैलाताई आतून हात पुसत आल्या. मी सगळं एका श्वासात सांगितलं. त्यांनी ऐकलं, पाण्याचा ग्लास मला दिला, आणि म्हणाल्या, "आधी गुरुजींना फोन. मग डॉक्टरांना. रडायचं ते शेवटी."

गुरुजींचा फोन जुना, बटणांचा. रिंग जात राहिली. पूर्ण रिंग. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण रिंग.

डॉक्टर मात्र पहिल्या रिंगला उचलतात. जनावरांचे डॉक्टर, माणसांशी मोजकंच बोलतात. ताईंना त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "बाई, नैसर्गिक आहे म्हणून डोळे झाकून देऊ नका. धोतराही नैसर्गिकच आहे." तेव्हापासून आमची प्रत्येक पावडर आधी त्यांच्या टेबलावर जाते.

"पेशंट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"सापडत नाहीये, सर."

"मग मी कोणाशी बोलू?"

"माझ्याशी बोला ना सर, प्लीज!"

मग ते बोलले. लसूण किती? वजन किती? किती चमचे? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. ते शांतपणे म्हणाले, एकदोन चमच्यांनी लगेच काही होणार नाही. पण रोज पोटात गेला तर रक्त कमी होतं, आणि हा म्हातारा आहे. त्रास लगेच दिसत नाही, चार-पाच दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, जनावर नुसतं पडून राहतं. "आजच थांबवा. आणि दाखवायला आणा."

आणि म्हणाले, "तुमचा श्वास फार जोरात चालू आहे. तुम्ही बसा."

ते वाक्य ते एरवी फक्त पेशंटना म्हणतात.

*

फोन कानाला लावून बसले की मला दरवेळी एक प्रसंग आठवतो. तेव्हाही आठवला. वेळ काय, आणि डोकं कुठे जातं बघा!

आमच्याकडे गिऱ्हाईकं पावडरीचा परिणाम व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतात. केसांचा फोटो येतो, चालण्याचा व्हिडिओ येतो. पोटाच्या पावडरीचा परिणाम कशाचा फोटो काढून कळवायचा, हे तुम्हीच समजा. सकाळ झाली की माझा फोन अशा फोटोंनी भरतो. सोबत प्रश्न : "मॅडम, हे नॉर्मल आहे का?"

तर गेल्या दिवाळीनंतर मला बघायला खांडव्याहून पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आई म्हणाल्या, "बेटा, काम काय करतेस ते दाखव ना. दुकानाचे फोटो असतील ना फोनमध्ये?"

मी फोटो उघडले. दुकानाची पाटी दाखवली. शेवग्याचा पाला दाखवला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बोटाने पुढे सरकवला.

मी डोळे मिटले. आईने पदर तोंडाला लावला. बाबा उगाचच पंख्याकडे बघायला लागले.

त्या बाईंनी फोटो मोठा केला. चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं.

"रंग चांगला आहे गं. आमच्या टॉमीचा असा नाही येत."

लग्न जमलं नाही. मुलाला पुण्याची मुलगी हवी होती. पण टॉमीची पावडर दर महिन्याला खांडव्याला जाते.

*

बारा वाजले तरी गुरुजींचा फोन उचलला जाईना. मी म्हटलं, ताई, मी जाऊन येते. लोधीपुरा काही लांब नाही. ई-रिक्षात बसले आणि रस्ताभर धोंडूच्या हिरड्या माझ्या डोळ्यांसमोर.

दाराला कुलूप!

शेजारच्या बाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गुरुजीकडे का?"

"हो. कुठे गेले?"

"ते तर काल दुपारीच गेले. तुकईथडला, बहिणीकडे. भाचा गाडी घेऊन आला होता. आठ-दहा दिवस ऱ्हातील."

"आणि धोंडू?"

"तो पुढच्या सीटवर. गुरुजी मागे."

"आणि काकू, एक स्टीलचा डबा होता का त्यांच्याबरोबर?"

आता त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "तुला कसं ठाऊक? कपड्याची पिशवी डिक्कीत टाकली, अन् तो डबा मांडीवर घेतला! मी म्हटलं, गुरुजी, सोनंबिनं आहे का? तर नुसते हसले."

आठ-दहा दिवस. रोज दोन चमचे. मी ओट्यावरच बसले.

बाईंनी पाणी दिलं आणि प्रेमाने विचारलं, "तुझं काही राहिलं का त्याच्यात? अंगठी वगैरे?"

*

दुकानात परत आले तर काउंटरवर कल्पनावहिनी. शेजारच्या साडीच्या दुकानातल्या, काखेत पिंकी. पिंकी पॉमेरियन आहे, आणि वहिनींबरोबर एकादशी करते. करते म्हणजे, वहिनी करवतात. सकाळी दूध, दुपारी उकडलेलं रताळं, संध्याकाळी अर्धं केळं. डॉक्टरांना विचारून घेतलंय. पूर्वी मनुके द्यायच्या, ते ताईंनी ओरडून बंद केले, कारण मनुका आणि द्राक्षं कुत्र्याला विषासारखी.

"प्राची, उद्या एकादशी आहे ना! पिंकीची पावडर उपवासाला चालते का गं?"

मी एका हाताने नंबर फिरवत होते. "वहिनी, तीळ आहेत, हळद आहे. एक दिवस नाही दिली तर काही बिघडत नाही."

"नाही नाही, खंड नको पडायला. बाल आता कुठे यायला लागलेत."

रिंग जात होती. मी म्हटलं, "मग द्या. कुत्र्याला कुठला आलाय उपवास, वहिनी!"

"तिचं नाही गं विचारत! तिला सगळं माफ आहे." वहिनींनी आवाज खाली आणला. "तिला मिसळून देताना माझ्या बोटाला हळद लागली तर माझा मोडेल का?"

आतून ताईंचा आवाज आला, "चमच्याने मिसळ!"

वहिनी समाधानाने गेल्या. रिंग पूर्ण झाली आणि बंद पडली.

*

मला प्रकाशभाऊंची आठवण ताईंनी करून दिली. "अगं, तो केळीवाला! तुकईथडचाच ना?"

प्रकाशभाऊ दर पंधरा दिवसांनी बाजाराच्या कामाला येतात आणि शेतावरच्या कुत्र्यासाठी 'ताकद' घेऊन जातात. त्यांना फोन लागला. मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज.

"गुरुजींच्या बहिणीचं घर ना? मारुतीच्या पाराजवळचं. तुकईथडात कोणाला माहीत नाही, ताई! जाऊ राहिलो. फक्त केळीचं पाणी बदलू द्या."

"भाऊ, लगेच जा हो. त्या डब्यातलं काही देऊ नका म्हणावं. आणि कुत्रा कसा आहे ते बघा. हिरड्या बघा. पांढऱ्या दिसतात का बघा."

"हिरड्या? चावत तर नाही ना?"

"धोंडू? छे हो! तो माशीलासुद्धा भुंकत नाही."

पाऊण तास गेला. तास गेला. मी आठ डबे भरले, त्यातले तीन परत उघडून वास घेतला. शेवटी मीच म्हटलं, "ताई, हे गावभर झालं तर? चटणी विकतात म्हणतील. दुकान बंद पडेल."

ताई म्हणाल्या, "दुकानाचं मी बघीन. उद्या दारावर लिहून लावू, आमच्याकडून चूक झाली म्हणून. आधी तो कुत्रा राहिला पाहिजे."

तेवढ्यात फोन वाजला. मी एवढी दचकले की हातातलं झाकण रस्त्यापर्यंत घरंगळत गेलं.

"ताई, पाहून आलो! कुत्रा एकदम टकाटक!"

"खरंच? हिरड्या?"

"एकदम गुलाबी! आधी गुरगुर केली, मग अर्धी भाकर टाकली तर तोंड उघडू दिलं. डोळे साफ, शेपूट हलवू राहिला. काही टेन्शन नाही. अन् बाळंतीण असून तब्येत झकास ठेवली गुरुजींनी. चारही पिल्लं दूध पिऊ राहिली!"

मी भिंतीला टेकले. "भाऊ... धोंडू नर आहे."

पलीकडे मोटार बंद केल्याचा आवाज आला.

"हां..." प्रकाशभाऊ म्हणाले. "मग हा दुसरा असंल."

आणि गुरुजी? तर घराला कुलूप होतं. सगळे नाल्यापलीकडच्या शेतात गेलेले, तिकडे टॉवर नाही. ओसरीवर जो कुत्रा दिसला त्याची तपासणी करून भाऊ परत आले होते.

"पण ताई," ते म्हणाले, "मी निरोप ठेवला आहे शेजारी. अन् त्या कुत्रीला ताकदीची पावडर चालंल का? मी आणतो माझ्याकडची."

*

साडेचार वाजले. ताईंनी चहा ठेवला. मंगलाकाकू तिसऱ्यांदा येऊन गेल्या. या वेळी त्यांनी मारुतीला नारळ बोलला होता आणि वर असंही म्हणाल्या की आयुष्यात पुन्हा लसूण सोलणार नाहीत.

एव्हाना दोन वेळचं जेवण झालेलं असणार. काल रात्रीचं आणि आज दुपारचं. मी मनात चमचे मोजत होते. गुरुजींना कसं सांगायचं, याची वाक्यं जुळवत होते. 'गुरुजी, माझ्याकडून चूक झाली.' हे पहिलं. त्यानंतरचं वाक्य काही केल्या येत नव्हतं. धोंडूला काही झालं तर त्या घरात पावलांचा आवाज एकाचाच येईल, हे सारखं मनात येत होतं.

चहाचा कप बाजूला ठेवून पुन्हा नंबर दाबला. कितव्यांदा ते आता आठवत नाही.

एक रिंग. दोन. चार. पाच.

मग खरखर. लांबून कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. 'हॅलो' नाही, पण श्वास येतोय.

"हॅलो? गुरुजी? गुरुजी, मी प्राची, इतवाऱ्यातून! आधी ऐका, गुरुजी. त्या डब्यातली पावडर धोंडूला देऊ नका! माझ्याकडून चूक झाली. दिली का? किती चमचे दिले? गुरुजी?"

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे कुणीतरी शांतपणे घास चावत होतं. नीट चावला. गिळला. मग गुरुजींचा तो वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला :

"धोंडू तर पहिल्या दिवसापासून तिला तोंड लावत नाही, बेटी. पण इतक्या महिन्यांत या वेळी पहिल्यांदा मीठ बरोबर पडलंय हं! भाकरीशी एक नंबर लागते. आता अशीच करत जा."